हाताला न लागणारं

बसा. पाठ टेकवून, निवांत.

खांदे सैल सोडा. श्वास येतोय, जातोय. त्याला येऊ-जाऊ द्या.

आता एक बोट डोळ्यांसमोर धरा, हातभर अंतरावर. मागे खिडकी असेल, भिंतीवरचं कॅलेंडर असेल. काहीही चालेल.

डावा डोळा मिटा. पाहा.

आता डावा उघडा, उजवा मिटा. पाहा.

बोट सरकलं. तुम्ही हलवलं नाही, तरी सरकलं.

पुन्हा एकदा. घाई नाही.

बोट जवळ आणा, ते जास्त सरकतं. लांब न्या, कमी सरकतं. किती सरकलं त्यावरून कळतं, किती लांब आहे. हात न लावता कळतं.

या सरकण्यापाशी थांबा थोडं.

एक बाई मनात आणा. वाशीम जिल्ह्यातली, रिसोडकडची म्हणा, मानोऱ्याकडची म्हणा. सोयाबीन सोंगून झालंय. बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला, म्हणून हिचीही मॅमोग्राफी झाली.

तिच्या बोटांना काही लागत नाही. डॉक्टरांच्या बोटांनाही नाही. गाठ नाहीच.

फोटोत मात्र पांढरे कण आहेत. चिमूटभर खसखस सांडावी तसे, एका जागी, दाटीनं.

त्या कणांकडे पाहा.

कॅल्शियमचे कण ते. कित्येक तर अर्ध्या मिलिमीटरहून लहान. दूध प्यायल्यानं किंवा गोळ्या खाल्ल्यानं ते होत नाहीत, एवढं आधीच सांगून टाकते. बऱ्याचदा ते निरुपद्रवी असतात. कधी मात्र दूधनलिकेत नुकताच सुरू झालेला कर्करोग एवढीच खूण दाखवतो.

नुसतं बघून ठरत नाही. तिथला तुकडा हवा.

वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेज 2024 साली सुरू झालं. तरी अशा नेमक्या तपासणीचं नाव निघालं की अजून अकोला, नागपूरच तोंडी येतं. बाई गाडीत बसते. पिशवीत फोटो, फाइल, डबा.

तिच्यासोबत एक श्वास घ्या. सोडा.

आता ती मशीनपाशी आहे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबून धरलेला. दुखतं. अजिबात दुखत नाही म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

"काकू, हलू नका बरं. श्वास रोखा."

तुम्हीही रोखा. क्षणभरच.

"सोडा."

एक फोटो पंधरा अंश या बाजूनं. एक फोटो पंधरा अंश त्या बाजूनं.

दोन्ही फोटोंत कण सरकलेले दिसतात. तुमचं बोट सरकलं, तसेच. किती सरकले ते कॉम्प्युटर मोजतो आणि खोली सांगतो, मिलिमीटरमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातल्या मंडळींनी या तत्त्वावरचं यंत्र 1977 साली मांडलं.

खोलीचा आकडा मिळाला. पण तो खरा ठरतो बाई स्थिर आहे तोवरच. ती बोटभर सरकली, की सगळं पुन्हा. एवढं महागाचं मशीन, आणि भिस्त तिच्या स्थिर बसण्यावर.

तुम्हीही बसा तसेच. जबडा सैल. पोट सैल.

आधी बधिर करायचं इंजेक्शन. मग कातडीला बारीकशी चीर. मग सुई, आकड्यानं सांगितलेल्या जागी.

"आता आवाज होईल, दचकू नका."

टक्.

आवाज ऐका. तो विरेपर्यंत ऐका.

तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. असे काही तुकडे. गाठ सोनोग्राफीत दिसत असती तर काम सोपं होतं, सुई जाताना पडद्यावर दिसतेच. हे कण बहुधा तिथे दिसत नाहीत, म्हणून एवढा खटाटोप.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे काढतात. बाई अजून जागेवरच आहे. सगळे पडद्याकडे बघतायत.

तुम्हीही बघा.

तुकड्यात पांढरे कण आहेत.

म्हणजे सुई बरोबर जागी पोचली. कण नसते, तर पुन्हा जावं लागलं असतं. आता त्या जागी टायटॅनियमची बारीकशी खूण ठेवतात. पुढे कधी शोधायची वेळ आली तर जागा सापडावी म्हणून.

तुकडे फॉर्मालिनमध्ये जातात. पुढे मेणात, मग काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली. काचेवर दिसलेलं फोटोशी जुळतं का, हेही तपासतात. जुळलं नाही, तर रिपोर्ट साधा आला तरी डॉक्टर तिथे थांबत नाहीत.

एक लांब श्वास. सोडा.

सिस्टर जखम दाबून धरते, पट्टी लावते. बाई पदर सावरते आणि विचारते, "हरभरा पेराचा हाये. परवा वावरात गेलं तर चालन का?"

"परवा जा. पण जड उचलू नका. आणि रिपोर्टला येताना सोबत कोणाला तरी आणा."