घटोत्कच, एडिथ कीलर आणि वावरची मुलं

ज्या मालिकेत नायकाला मरता येत नाही, तिथे मरणाचं काम पाहुण्यांकडे येतं. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानमालिका १९६६ मध्ये सुरू झाली. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय दर आठवड्याला आपल्या यानातून कुठेतरी पोचायचे आणि तिथे एखादा पाहुणा कलाकार त्यांना भेटायचा. कर्क पुढच्या आठवड्यातही लागणार, म्हणून संकट त्याच्या अंगावरून जायचं आणि पाहुण्याच्या अंगावर पडायचं. काही पाहुणे नशीबवान ठरले. रिकार्डो मोंतालबानचा खान १९६७ मध्ये एका भागात आला आणि पंधरा वर्षांनी त्याच्यावर अख्खा चित्रपट निघाला. बहुतेकांना मात्र तो एकच भाग मिळाला.

एडिथ कीलर त्यांतलीच. ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेल्या त्या भागात जोन कॉलिन्स हिने ती साकारली. कथा हार्लन एलिसनची. काळाच्या दारातून मॅकॉय भ्रमिष्ट अवस्थेत १९३० च्या न्यू यॉर्कमध्ये जातो आणि तिथे असं काही करतो की पुढचा सगळा इतिहास बदलतो. त्याला शोधत कर्क आणि स्पॉक तिथे पोचतात. महामंदीचा काळ आहे, हाताला काम नाही. एडिथ बेघर, उपाशी माणसांना गरम सूप वाढते आणि एक दिवस कुणी उपाशी राहणार नाही असं त्यांना सांगते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. तेव्हा स्पॉकच्या यंत्रातून दोन भविष्यं दिसतात. एकात ती त्याच वर्षी रस्त्यावर अपघातात मरते. दुसऱ्यात ती जगते, शांततेची मोठी चळवळ उभारते, अमेरिका युद्धात उशिरा उतरते आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती लागतो. म्हणजे जग वाचायचं तर एडिथने मेलं पाहिजे. शेवटी ती रस्ता ओलांडते, ट्रक येतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

जगभरच्या अनेक प्रेक्षकांनी हा त्या मालिकेतला सर्वोत्तम भाग मानला. १९६८ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी तो नाशिकला डीएड करत असताना एका मित्राच्या खोलीवर संगणकावर पाहिला. मित्र म्हणाला, कर्कने बरोबरच केलं, दुसरा इलाजच नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी वावरचा आहे.

जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी म्हटलं की महाराष्ट्राला एकच गोष्ट आठवते. १९९२-९३ मध्ये या भागात शंभराहून अधिक बालकं कुपोषण आणि त्याच्या आडून आलेल्या आजारांनी गेली. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. ती मुलं गेली तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आषाढापर्यंत घरातली नागली आणि वरई सरत यायची आणि नवं पीक हाती यायला दिवाळी उजाडायची. मधले श्रावण-भाद्रपद सगळ्यांत वाईट. आजी कडूकंद कापून, धुऊन, पुन्हा पुन्हा उकळून त्यातला कडवटपणा काढायची, तोपर्यंत आम्ही चुलीभोवती बसून राहायचो. आईबाप आवणीला, पोरं घरी, ओहोळाला पूर, दवाखाना त्या पुरापलीकडे. अशा घरात आधीच हडकलेल्या पोराला गोवर किंवा हगवण लागली, की ते दोन-तीन दिवसांत जायचं. माझ्या काकीचं धाकटं पोर असंच गेलं.

मग पाहुणे आले. पुढारी आले, अधिकारी आले, पत्रकार कॅमेरे घेऊन आले. जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय झालं. योजना आल्या, अंगणवाड्या वाढल्या, रस्ते झाले. यातलं काहीही मी कमी लेखत नाही. अंगणवाडीच्या वजनकाट्याने किती पोरं वेळेवर दिसली हे शिक्षक म्हणून मी रोज पाहतो. पण आमच्याकडच्या एका सभेत एक मोठे अधिकारी बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बालकांच्या बलिदानामुळे या भागाचा विकास झाला, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, पोर आधी गेलं, रस्ता नंतर आला, त्याचा याच्याशी काय संबंध?

माझा प्रश्न तोच आहे. मागून चांगलं घडलं म्हणून आधीचं मरण अर्थपूर्ण होतं का? देव किंवा इतिहास, ज्याला जे मानायचं ते माना, कुणाला नायक आणि कुणाला एका भागापुरता पाहुणा ठरवतो का?

आपल्याकडे हा प्रश्न महाभारतात फार उघडपणे येतो. घटोत्कच हा हिडिंबेचा, रानातला मुलगा. द्यूतात, राज्याच्या वाटणीत त्याला कुठे स्थान नाही. पांडवांना गरज पडली की त्याला हाक जायची. युद्धाच्या चौदाव्या रात्री त्याला कर्णावर सोडतात. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती असते. ती एकदाच वापरता येणार, आणि त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. घटोत्कच इतका भारी पडतो की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागते. तो कोसळतो, आणि सगळे पांडव रडत असताना श्रीकृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुन कारण विचारतो. श्रीकृष्ण म्हणतो, आता तू वाचलास. पुढे असंही सांगतो की कर्णाने याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं. त्याच बोलण्यात तो एकलव्याचाही उल्लेख करतो, पांडवांच्या हितासाठी संपवलेल्यांमध्ये.

रानातल्या माणसाने हे पान वाचताना काय करायचं? मी श्रीकृष्णाला हात जोडणारा माणूस आहे. पण इथे मी युधिष्ठिराच्या बाजूला उभा राहतो. द्रोणपर्वातच तो घटोत्कचासाठी शोक करतो. या पोराने वनवासात आम्हाला साथ दिली, थकलेल्या द्रौपदीला पाठीवर वाहून नेलं, असं त्याच्या वागण्यातलं एकेक आठवून सांगतो. त्याचं मरण कसं उपयोगी पडलं याचा हिशेब त्या शोकात नाही. व्यासांनी तो शोक गाळला नाही, यासाठी मला व्यास मोठे वाटतात.

कुणी म्हणेल, आपण सगळेच निमित्तमात्र, कुणाचं मरण कशासाठी हे आपल्याला कळत नाही. खरं आहे. पण कळत नाही म्हणणाऱ्याने ‘अमुकामुळे तमुक चांगलं झालं’ हेही म्हणू नये. स्पॉककडे निदान दोन भविष्यं दाखवणारं यंत्र होतं. आपल्याकडे ते नाही. आणि असतं तरी? दोस्तोयेव्हस्कीच्या ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ या १८७९-८० च्या कादंबरीतला इव्हान आपल्या धाकट्या भावाला म्हणतो, की जगाचं अंतिम सुख एका छळलेल्या लेकराच्या अश्रूंवर उभं राहणार असेल, तर त्या सुखाचं तिकीट मी परत करतो. तो देव नाकारत नाही, हिशेब नाकारतो. माझ्या काकीने रशियन कादंबरी ऐकलेलीही नाही, पण टाळी न वाजवता तिने तेच केलं होतं.

कर्कच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एडिथ मेल्यावर तो जग वाचलं म्हणून समाधानाने बोलत नाही. इतिहास जागेवर आला आहे, सगळे परत पोचले आहेत, आणि त्याला तिथे क्षणभरही थांबवत नाही. तो फक्त निघू या म्हणतो. त्या शोकाला फायद्याची जोड न देणं हे त्या भागाचं मोठेपण आहे. आमच्या सभेतल्या भाषणात तेवढंही नव्हतं.

आमच्याकडे पाहुण्यांना वागवायची एक वेगळी रीत आहे. होळीनंतर जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. मोखाड्याचा बोहाडा तर लांबून लोक बघायला येतात. रात्रभर मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक येतात. आधी गणपती, सारजा म्हणजे सरस्वती, मग बाकीचे देव, दैत्य, भीम, रावण, वेताळ. मशालीच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर प्रत्येक सोंग नाचत येतं, आपला वेळ घेतं आणि जातं. कुठलं सोंग कुणाच्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि ते घर ते जिवापाड जपतं. शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई होते. पण आधीचं कुठलंही सोंग त्या लढाईची तयारी म्हणून येत नाही. वेताळ आला की ती वेळ वेताळाची. तेवढा वेळ सगळं गाव त्याच्याकडेच तोंड करून उभं असतं, म्हातारी माणसं हात जोडतात. रावणालाही वाट दिली जाते. मला यात एक धर्मविचार दिसतो. देवाच्या दारात दुय्यम भूमिका नसते. थोडा वेळ आलेलाही पूर्ण आलेला असतो आणि तो दुसऱ्या कुणाच्या कथेसाठी आलेला नसतो.

आणि सोंगातला महिषासुर मेला तरी मुखवटा उतरवून पाणी प्यायला उठतो. जोन कॉलिन्सही चित्रीकरण संपल्यावर उठून घरी गेली. काकीचं पोर उठलं नाही. म्हणून कथेतल्या मरणाला लावतो तो अर्थ खऱ्या मरणाला लावताना माणसाने फार सावध असावं.

एडिथच्या मरणावर निदान कथेत तरी जग अवलंबून होतं. वावरच्या मुलांच्या मरणावर काहीच अवलंबून नव्हतं. पोटभर अन्न, गोवराची लस, मीठ-साखरेचं पाणी, पावसाळ्यात चालू राहणारा रस्ता, एवढ्यावर त्यांतली कितीतरी वाचली असती आणि हे १९९२ च्या आधी साऱ्या सरकारांना माहीत होतं. रस्ता आमच्या हक्काचा होता. तो मुलं जिवंत असतानाच यायला हवा होता.

अहवाल लिहिणाऱ्यांना, भाषण करणाऱ्यांना आणि प्रकल्पासाठी आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. वावरबद्दल लिहा, जरूर लिहा, पण त्या मुलांना कशाचंही कारण करू नका. आणि श्रावण-भाद्रपदात आमच्या पाड्यांवर या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जगायला जाणाऱ्या घरांतली पोरं तेव्हा गावातच असतात. त्यांची वजनं अंगणवाडीच्या वहीत नीट लागली आहेत का, तेवढं बघा.