गळा आणि चेहरा

बीज, अंकुर, वृक्ष आणि फळ अशी साखळी गुंफणारा एक अभंग नांदेड-लातूरकडच्या सप्ताहांत पुष्कळदा ऐकू येतो. म्हणणारे तो तुकोबांचा म्हणून म्हणतात. गाथेत मात्र तो सापडायचा नाही, कारण तो शांताराम आठवले यांनी ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटासाठी लिहिला आणि विष्णुपंत पागनीस यांनी पडद्यावर गायला. चित्रपटगीत झालं आणि लोकांनी विसरूनही टाकलं, हे नेहमीचंच. इथे लोकांनी ते थेट तुकोबांच्या नावावर जमा केलं. यात आठवल्यांच्या लेखणीचा वाटा मोठा आहेच, पण गाणाऱ्याचाही आहे, आणि त्याची चर्चा आपण फारशी करत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी ‘प्रभात’नेच ‘धर्मात्मा’ काढला होता. संत आमच्या मराठवाड्यातले, पैठणचे एकनाथ, आणि भूमिकेत साक्षात बालगंधर्व. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. याहून अधिक काय हवं? तरीही बालगंधर्वांना पुरुषवेषात लोकांनी मनापासून स्वीकारलं नाही, आणि त्यांचं नि ‘प्रभात’चं नातं त्या एका चित्रपटावर थांबलं. 1937 च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा लुगड्यात दिसले.

कारण म्हणून त्यांच्या स्त्रीभूमिकांकडे बोट दाखवलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. पागनीसही नाटक कंपनीत स्त्रीपार्टच करत आलेले होते. तुकोबांसाठी त्यांच्या निवडीबद्दल ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल यांच्या मनात शंका होती, असं सांगतात. ती रास्तच म्हणायची. मग हेच पागनीस तुकोबा म्हणून चालले कसे?

उत्तर सप्ताहाच्या मांडवात सापडतं. कीर्तनकार निरूपण करतो, गायनाचार्य चाल धरतो, मृदंगाचार्य ठेका देतो, मागे टाळकरी उभे. गायनाचार्य तयारीचा असला तर ताना घेतो, लोक मानही डोलावतात. पण तो फारच रंगला की पुढच्या रांगेतले म्हातारे चुळबुळ करू लागतात. त्यांना चरण ऐकायचा असतो. बालगंधर्वांचा गळा असा होता की चरण मागे पडून बालगंधर्वच ऐकू येत. ‘वन्स मोअर’ घेण्यासाठीच घडलेला गळा तो. पागनीस मुंबईत भजनं गात. केशवराव भोळ्यांच्या चालींत त्यांनी शब्द उघडा ठेवला, स्वतःला मागे ठेवलं. त्याला कमी दर्जाचं गाणं म्हणणारे म्हणोत. मला तो निराळा कस वाटतो, आणि अवघड.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात 57 आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. तुकोबांचा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीने केला, हेही ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकामुळे सभा घ्यायची तर परवानगी लागे. सरकारदरबारी आणि वरच्या शिक्षणात उर्दू. मराठी टिकली ती घरात, बाजारात आणि भजनात. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही अभंग पाठ असायचे. म्हणजे शब्द लोकांपाशी आधीच होता. पागनीसांनी त्याला चालताबोलता चेहरा दिला.

आणि हा चेहरा देणं सगळीकडे चालत नाही. नांदेडमध्येच पाहा. 1708 साली इथेच गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. इथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी कीर्तन करतात, पदं गातात. पण गुरूंचं सोंग कुणा नटाने घेणं शीख परंपरेला मान्य नाही. 2018 मध्ये ‘नानक शाह फकीर’वर अकाल तख्ताने बंदीचा आदेश काढला, तेही गुरू संगणकाच्या साहाय्याने दाखवले असताना. शब्दच गुरू, त्याला नटाचा चेहरा नको, अशी ती भूमिका. वारकऱ्यांनी मात्र पागनीसांना पदरात घेतलं. दोन्ही गोष्टी एकाच शहरात नांदतात, आणि मला त्या दोन्ही समजतात.

मात्र पागनीसांच्या वाट्याला जे आलं त्याला निव्वळ भाग्य म्हणवत नाही. 1939 साली ‘संत तुलसीदास’, 1940 साली ‘नरसी भगत’, मग ‘भक्तराज’, ‘महात्मा विदुर’. संतांपलीकडची भूमिका त्यांच्याकडे येईनाशी झाली. निर्मात्यांचा हिशेब सरळ होता: लोक ज्याच्यापुढे हात जोडतात त्याला खलनायक कोण करणार? 1943 मध्ये ते गेले. सात वर्षांत एकच माणूस पुन्हापुन्हा रंगवावा लागणं ही नटाला शिक्षाच, आणि गळा स्वतःचा असल्यामुळे सुटकेला वाटही नव्हती.

पार्श्वगायन रुळल्यावर ही अडचण सरली. चंद्रकांत कुलकर्णींच्या 2012 च्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी तुकोबा झाला, चेहरा त्याचा, गळे इतरांचे. सहा वर्षांनी तोच ‘सेक्रेड गेम्स’मध्ये हवालदार काटेकर झाला, शिव्या घातल्या, आणि एकाही प्रेक्षकाला त्यात अडखळायला झालं नाही.