ओला दाणा वर ठेवावा

मन वळवणे आणि फसवणे यांच्यामधली वेस नेमकी कुठे आहे? हा प्रश्न वकील, पुढारी आणि दुकानदार यांच्यापुरता नाही. मुलीची शाळा सातवीनंतर बंद करू नका, असे पालकांना समजावताना आम्ही शिक्षकही शब्द निवडतो, उदाहरणे निवडतो, वेळ पाहून बोलतो. मन वळवणे हाच गुन्हा ठरवला, तर शाळेला कुलूपच लावावे लागेल.

रमजानमध्ये विजापूर वेशीतल्या मीना बाजारात फिरावे. ‘शेवटचे दोनच पीस’, ‘सगळं सोलापूर हेच घेतंय’, ‘उद्या भाव वाढणार’. टंचाई, गर्दी आणि भीती हे जाहिरातशास्त्राचे तीन धडे विक्रेत्यांना तोंडपाठ असतात. चौथा धडा टीव्हीवर दिसतो: पांढरा कोट घालून डॉक्टरचा आव आणणारा नट. ही साधने जुनीच आहेत. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद यांनी माणूस वळतो, हे ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मांडले. पण दोनच पीस खरोखर उरले असतील तर ती माहिती झाली. आत दोनशे पडले असतील तर तेच वाक्य लबाडी ठरते.

खरेदीचा इरादा नसताना बोली वाढवून दुसऱ्याला भुलवणे, याला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटले आहे आणि त्याची मनाई आहे. पैसे देऊन लिहून घेतलेली आजची स्तुती हे नजशचेच नवे रूप.

त्याहून बारीक प्रसंग धान्याच्या ढिगाचा. प्रेषितांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पाऊस लागला, असे व्यापारी म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. त्या व्यापाऱ्याने ओले धान्य कोरडे म्हणून सांगितले नव्हते. त्याने फक्त मांडणी केली होती. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत हे खरेच, पण या प्रसंगात जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली आहे.

निकालानंतर चौकाचौकांत लागणारे क्लासचे फलक असेच. फोटो खरे, गुणही खरे. पण एकूण किती मुले बसली, फोटोतला मुलगा वर्षभर शिकला की फक्त सराव परीक्षेला आला, हे फलक सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता कोर्स किती काळ केला, हे त्याच्या फोटोसोबत देणे त्यात आवश्यक केले. हा नियम बारीकसारीक वाटेल. पण विड्या वळणारी आई त्या फलकाकडे पाहून उसने पैसे आणते आणि फी भरते, तेव्हा न सांगितलेल्या ओळीची किंमत तिच्याच मजुरीतून जाते.

आमच्या मते कसोटी सोपी आहे: आपली युक्ती ऐकणाऱ्याला उघड करून सांगितली, तरी तो आपले म्हणणे मानेल काय?

ही कसोटी आम्हालाही लागू आहे. उर्दू शाळांचे शिक्षक प्रवेशासाठी मोहल्ल्यात घरोघर जातात. मातृभाषेत मूल लवकर समजते, हे आम्ही सांगतो आणि ते खरे आहे. पुढे कॉलेजात आणि नोकरीच्या परीक्षेत मराठी-इंग्रजीसाठी त्याला जास्तीची मेहनत घ्यावी लागेल, हेही त्याच उंबरठ्यावर सांगितले पाहिजे. आणि त्या मेहनतीसाठी आमची शाळा काय करणार आहे, तेही. एखादा पालक ते ऐकून दुसरी शाळा निवडेल. निवडू द्यावी.