आधी जीआर वाच, मग गाऱ्हाणं घाल

तोंड वर करून सांगतोस, "सर, परदेशी शिष्यवृत्त्या वशिल्याच्याच पोरांना मिळतात." कोणत्या शिष्यवृत्तीबद्दल बोलतोयस? राजर्षी शाहू महाराज योजनेबद्दल? अरे, ती सामाजिक न्याय विभागाची, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी. तू गोराईच्या कोळीवाड्यातला, विशेष मागास प्रवर्गातला. तुझा अर्ज जातो इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. योजनेच्या जीआरचं, म्हणजे शासन निर्णयाचं, पहिलं पानही न वाचता सरकारला नावं ठेवतोस? दहावीलाही हेच करायचास, प्रश्न अर्धा वाचून उत्तर पूर्ण लिहायचं.

आण ती पिशवी इकडे. मार्कशीटच्या चार-चार झेरॉक्स, बोटीत भिजून एकमेकींना चिकटलेल्या. उत्पन्नाचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा. जात वैधता प्रमाणपत्र? नाहीच. का, तर "कुणी सांगितलं नाही". तुझ्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले होते ना? मग त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जात लिहिलेली असेल. त्याचा उतारा मागायला कसली लाज वाटते? रजिस्टर जुनं, पानं फाटकी, शाई उडालेली. शोधायला वेळ लागतो. मग जात पडताळणी समिती त्रुटी काढते, पुन्हा कागद मागते, महिने जातात. आणि तू जागा होणार अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात!

वर ऐट काय, तर "सर, ऑफर लेटर हातात आहे." कुठल्या विद्यापीठाचं? बोरिवलीच्या एजंटने सुचवलेल्या. त्याला पोरामागे कमिशन मिळतं, हे तरी कळतं का तुला? शासन क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत विद्यापीठ कितवं आहे ते बघतं. ती क्रमवारी मोबाईलवर फुकट दिसते. रात्री दोनपर्यंत रील बघणाऱ्याला तेवढी सापडली नाही होय?

सरकार धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. निवड यादी रखडते, तिकडे सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि पोरांचा जीव टांगणीला लागतो. त्यासाठी भांडायचं असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर मंत्रालयात येईन. पण भांडणाऱ्याचा अर्ज तरी पुरा हवा. अर्धवट फाईल घेऊन कुठल्या तोंडाने भांडणार?

चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला सर्वांत पुढे असतोस. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात बडोद्यात दहा वर्षं नोकरीचा करार. कोलंबिया विद्यापीठातून बाबासाहेब लंडनला गेले, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. वशिल्याचं रडगाणं गात बसले का? सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढलं आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२३ साली डी.एस्सी. झाले. फोटोला हार घालणं सोपं असतं रे.

तुझी आई पहाटे पाटी डोक्यावर घेऊन बोट पकडते, पलीकडे जाऊन मासळी विकते. शिष्यवृत्तीचा पैसा अशाच लोकांचा आहे, एजंटच्या बापाचा नाही. फी, विमानाचं तिकीट, तिकडचा राहण्याचा खर्च, सगळं तीच माणसं देतात. निदान अर्ज तरी स्वतः वाचून भरावा एवढीच त्यांची अपेक्षा.

आता मान खाली घालून उभा राहू नकोस. सोमवारी तहसील कार्यालयात नवा उत्पन्नाचा दाखला. मग आजोबांच्या शाळेतला उतारा, त्यानंतर वैधतेचा अर्ज. जीआर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. त्या खुणा घेऊन ये, मी रात्री बारापर्यंत बसेन तुझ्यासोबत. नुसती तक्रार घेऊन मात्र माझ्या दारात यायचं नाही.