किलोचे रुपये झाले तेव्हा

जिंतूर तालुक्यातील चारठाणा म्हटले की अभ्यासकांना जुनी मंदिरे, बारव आणि कोरीव स्तंभ आठवतो. तो ठेवा मोठाच आहे. पण त्याच गावात कोरडवाहू रानावर सोयाबीन-कापूस घेणारी, पाऊस चुकला की रोजंदारीला जाणारी घरेही आहेत. हाती केशरी कार्ड, नावावर थोडी जमीन. ना कागदावर गरीब, ना खाऊनपिऊन सुखी. सरकारी धोरणाची परीक्षा अशाच घरांत होते, आणि गेल्या दहा वर्षांत त्यांच्या ताटातल्या धान्याचे जे झाले ते मला गंभीर वाटते.

जुलै 2015 मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांसाठी, म्हणजे मराठवाड्याचे आठही आणि विदर्भातले सहा, एक चांगला निर्णय घेतला. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत न बसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळू लागले. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो. कंट्रोलवर जायचे, अंगठा लावायचा, पावती घ्यायची, काट्याकडे डोळे लावून उभे राहायचे. पाच माणसांच्या घराला 25 किलो. माप कमी भरले तर तिथल्या तिथे भांडता यायचे.

2022 मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून मिळणारा गहू आणि पाठोपाठ तांदूळ बंद झाला. राज्याने फेब्रुवारी 2023 मध्ये शासन निर्णय काढला: जानेवारीपासून धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये थेट बँक खात्यात. जून 2024 मध्ये त्याचे 170 झाले. धान्याची पिशवी गेली, पासबुकातली नोंद आली. ती वेळेवर आली नाही तर भांडायचे कुणाशी? दुकानदाराच्या हातात आता काही नाही, बँकेला योजनेचे काही ठाऊक नाही, आणि तहसील जिंतूरला. एक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला.

रोख रकमेच्या बाजूनेही बोलायला हवे. हा भाकरीचा मुलूख आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे नाव ज्वारीच्या ‘परभणी शक्ती’ वाणामुळेही घेतले जाते, लोह आणि जस्त जास्त असलेले ते वाण 2018 मध्ये आले. आणि कंट्रोलवर मिळत होता गहू-तांदूळ. पैसे हाती असले तर बाई आपल्या पसंतीची ज्वारी घेईल, हे म्हणणे खोटे नाही.

म्हणून हिशेब ज्वारीतच करू. 2022-23 मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 2,970 रुपये होता. त्या भावाने 150 रुपयांत माणशी 5 किलो ज्वारी बसत होती. 2025-26 साठी तोच हमीभाव 3,699 रुपये आहे. आता 170 रुपयांत 4 किलो 600 ग्रॅमच्या आत-बाहेर बसते. पाच जणांच्या घरात 25 किलोंचे 23 झाले. किराणा दुकानात हमीभावाने कोणी ज्वारी देत नाही, त्यामुळे खरी तूट याहून मोठी. ज्वारीचा पेरा घटवून सोयाबीनकडे वळलेल्या शेतकऱ्याला आता भाकरीचे धान्यही विकत घ्यावे लागते, हे त्यात धरलेलेच नाही. पाच किलो हे उद्याही पाच किलोच राहतात. रुपयाचे तसे नसते, आणि हे सरकारला चांगले कळते. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा किमतींच्या निर्देशांकावर मोजला जातो, तो मोजलाच पाहिजे. मग केशरी कार्डाच्या 170 रुपयांना तोच न्याय का नाही?

गरिबीच्या रेषाही अशाच गोठल्या आहेत. तिरंगी कार्डांची पद्धत राज्यात 1 मे 1999 पासून आहे: वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. 2013 मध्ये अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात 44,000 ची मर्यादा आली. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये आहे. या दराने एकट्या माणसाने वर्षात 141 दिवस काम केले की 43,992 रुपये होतात. 142व्या दिवशी त्याचे घर मर्यादेबाहेर. नवरा-बायको दोघेही राबत असतील तर तो दिवस कितीतरी आधी येतो. लाडकी बहीण योजनेत मात्र मर्यादा अडीच लाखांची, आणि तिथे हेच केशरी कार्ड उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चालते. एकच घर एका खिडकीवर गरजू ठरते आणि शेजारच्या खिडकीवर नाही. माणसांनी कोणता आकडा खरा सांगायचा?

तमिळनाडूने अशी गाळणी न लावता तांदूळ जवळजवळ सर्वांसाठी खुला ठेवला. आपल्याकडेही मोठे उदाहरण आहे. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली पिढी मराठवाड्यात अजून आहे. त्या होरपळीतच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा विस्तार झाला आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. कायदा होता म्हणून मजूर काम हक्काने मागू शकला. केशरी कार्डाचे 170 रुपये नुसत्या शासन निर्णयावर उभे आहेत. दुसरा शासन निर्णय निघाला की संपले.

खरिपाचे हमीभाव दरवर्षी जाहीर होतात. त्याच वेळी ही रक्कमही पाच किलो ज्वारीच्या बाजारभावाने नव्याने ठरवावी, आणि ज्यांना धान्यच हवे त्यांना हमीभावाने खरेदी केलेली ज्वारी कंट्रोलवर द्यावी. आणखी एक गोष्ट यात सुटली आहे, ती मला सर्वांत जास्त बोचते. या योजनेला सातबारा लागतो. प्राधान्य यादीत न बसलेला, केशरी कार्डाचा भूमिहीन शेतमजूर 2015 मध्येही बाहेर होता आणि आजही बाहेरच आहे. ज्या रानाच्या उताऱ्यावर मालकाला 170 रुपये मिळतात, त्याच रानात तो खुरपायला जातो.