आडनावातील अनुपस्थित कर्ता

विशेषनामाला वस्तुनिर्देश असतो, गुणनिर्देश नसतो, हे जॉन स्टुअर्ट मिलचे १८४३ मधील प्रतिपादन तर्कशास्त्रात बराच काळ प्रमाण मानले गेले. नेपल्स परिसरात विपुल आढळणाऱ्या ‘एस्पोझितो’ या आडनावापाशी मात्र ते अडखळते. ‘बाहेर ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून सिद्ध झालेले कर्मणी भूतकालवाचक विशेषण त्याच्या मुळाशी आहे. नेपल्समधील आनुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक फिरते चक्र बसविलेले होते. बाहेरून त्यात मूल ठेवावयाचे, चक्र फिरवावयाचे. आतल्या बाजूस ते उचलून घेतले जाई आणि ठेवणाऱ्याचा चेहरा कोणास दिसत नसे. असे मूल नोंदवहीत ‘एस्पोझितो’ होई. हे चक्र १८७५ मध्ये बंद झाले.

येथे व्युत्पत्तीपेक्षा व्याकरण अधिक बोलके आहे. ‘दि जोव्हान्नी’सारखे आडनाव माणूस कोणाचा तरी आहे एवढे सांगते. ‘एस्पोझितो’ केवळ एक घडलेली क्रिया सांगते, आणि तीही कर्त्यावाचून. चक्राने चेहरा झाकला, कर्मणी रूपाने कर्ता झाकला. दारिद्र्य, लोकलज्जा, नामानिराळा राहिलेला बाप, हे सारे वाक्याबाहेर जाते. क्रियेची खूण मात्र ज्याने काहीच केलेले नाही त्याच्यावर पिढ्यानपिढ्या राहते. रोमकडील ‘प्रोयेत्ती’, म्हणजे टाकलेले, हे याच जातीचे. ‘त्रोवातो’ म्हणजे सापडलेला : प्रसंग तोच, पण नजर उचलून घेणाऱ्याची. मिलानमध्ये तर ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयाच्या चिन्हातील कबुतरावरून ‘कोलोम्बो’ हे आडनाव दिले जाई. (प्रत्येक कोलोम्बो घराण्याचा मूळपुरुष टाकलेले मूलच होता, असे अर्थातच नाही, व्युत्पत्तीवरून वंशावळ मांडता येत नाही.) तेव्हा अन्य नाव सुचणे अशक्य नव्हते. नामकरण ही निवड होती, आणि म्हणूनच ते नैतिक मूल्यमापनास पात्र ठरते.

म्यूराच्या राजवटीत (१८०८-१५) नेपल्समध्ये हे आडनाव देण्यास मनाई झाली. पुढे येणाऱ्या मुलांपुरती ती न्याय्यच म्हणावी लागेल. परंतु जे आधीच ते नाव वागवीत होते त्यांच्या कलंकावर तिने राजमुद्राही उमटविली. १९५५ च्या इटालियन कायद्याचा मार्ग अधिक समंजस दिसतो. सर्वसाधारण दस्तऐवजांवर आईबापांची नावे लिहिण्याची प्रथाच त्याने मोडली, म्हणजे तो प्रश्न सर्वांनाच विचारणे थांबविले. आडनावातील अर्थ मात्र कायद्यापेक्षा संख्येने अधिक झिजविला. ते इतक्या घरांत पसरले की आज त्यावरून प्रथम ध्वनित होते ते नेपल्स.

या झिजलेल्या अर्थाचे समीक्षकाने काय करावे? १९५० मध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो ‘कोम्युनितास’ (१९९८) या ग्रंथात समुदायाचा विचार परस्परांच्या ऋणाच्या अंगाने करतात. स्वतःच्या सीमेबाहेर उघडे पडणे ही त्यांची मध्यवर्ती कल्पना. त्यांच्या आडनावात या विचाराचे बीज शोधण्याचा मोह विरचनेच्या अभ्यासकांना सहज पडावा. तो श्लेष चतुर आहे. पण तसे वाचन करणारा नेपल्सच्या त्या नोंदवहीतली जुनी नोंद पुन्हा एकदा आपल्या हाताने लिहीत असतो.