निघताना सोबत काय न्यावं?

आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणी ना कोणी अशा कंपनीत काम करतं, जिची प्रतिस्पर्धी कंपनी एस-बानच्या चार-सहा स्टेशनांवर किंवा फार तर गाडीने दोन तासांवर असते. श्टुटगार्टला बॉश, पोर्शे, मर्सिडीज, म्युनिकला बीएमडब्ल्यू आणि सीमेन्स, वालडोर्फला एसएपी. मंडळाच्या दिवाळीला चिवड्याची बशी हातात घेऊन उभं असताना कोणीतरी म्हणतं, "काय रे, समोरच्यांकडे गेलास म्हणे!" सगळे हसतात, पण त्या थट्टेत एक बारीक काटा असतोच. खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलेलं असतं.

पगार वाढला, घर बदललं, मुलांची शाळा बदलली, हे हिशेब सोपे आहेत. अवघड हिशेब वेगळाच आहे. एका कंपनीत दहा वर्षं काढून माणूस तिच्या स्पर्धकाकडे जातो, तेव्हा त्याच्या डोक्यात जे साठलेलं असतं ते कोणाचं? त्याचं, की ज्यांनी ते शिकायला पगार दिला त्यांचं?

हा प्रश्न या देशात मोटारगाडीइतकाच जुना आहे, किंबहुना मोटारगाडीच त्यातून निघाली. कोलोनच्या समोर, ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर डॉइट्झला निकोलाउस ऑटो यांचा इंजिनांचा कारखाना होता. १८७२ साली गॉटलीब डाइमलर तिथे तांत्रिक प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी विल्हेल्म मायबाख यांनाही आणलं. १८७६ मध्ये ऑटोंचं चार टप्प्यांचं इंजिन तयार झालं; तत्त्वतः तेच आजही पेट्रोलच्या गाड्यांत चालतं. पुढे ऑटो आणि डाइमलर यांचं बिनसलं. १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडले, मायबाखही त्यांच्यामागे गेले, आणि कान्श्टाटच्या बंगल्याच्या बागेतल्या काचघरात दोघांनी हलकं आणि कितीतरी अधिक वेगाने फिरणारं इंजिन बनवलं. डॉइट्झची इंजिनं अवजड, जागेवर बसून कारखाने चालवणारी. हे गाडीवर चढवता येण्याजोगं.

अडचण एकच होती. चार टप्प्यांचं तत्त्व ऑटोंच्या पेटंटमध्ये होतं. पण प्रतिस्पर्धी कोर्टात गेले आणि जानेवारी १८८६ मध्ये त्या पेटंटचा गाभाच रद्द झाला, कारण बो द रोशा नावाच्या एका फ्रेंच इंजिनियराने १८६२ मध्येच हे तत्त्व एका पुस्तिकेत मांडून ठेवलं होतं. त्याच जानेवारीच्या २९ तारखेला मानहाइमच्या कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटचा अर्ज केला. म्हणजे ज्याने ते कागदावर लिहिलं त्याने इंजिन चालवून दाखवलं नव्हतं आणि ज्याने चालवून दाखवलं त्याचा हक्क गेला. मला ऑटोंबद्दल आजही वाईट वाटतं. पण डाइमलर आणि मायबाख यांनी दहा वर्षांचं शिक्षण डॉइट्झच्या दारात ठेवून रिकाम्या डोक्याने निघायला हवं होतं, असंही म्हणवत नाही. तसं निघताच येत नाही. माणूस टोपी खुंटीला टांगतो तसा मेंदू टांगत नाही.

कायद्याने यावर आपापली तोड काढली आहे. जर्मनीत नोकरी सुटल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये असा करार करता येतो, पण जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, आणि त्या काळात जुन्या मालकाने शेवटच्या मिळकतीच्या किमान निम्मी रक्कम द्यावी लागते. तोंड बंद ठेवायचं तर पोटाला द्या, असा रोखठोक हिशेब. आपल्याकडचा १८७२ चा भारतीय करार कायदा त्याहून पुढे जातो: त्याच्या २७ व्या कलमानुसार माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार मुळातच रद्दबातल. गंमत अशी की कॅलिफोर्नियानेही १८७२ मध्येच तसाच नियम केला आणि दोन्हींचा उगम डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाच्या मसुद्यात आहे. म्हणूनच १९५७ मध्ये आठ जण शॉकली यांना सोडून फेअरचाइल्ड काढू शकले आणि त्यातलेच दोघे, नॉइस आणि मूर, १९६८ मध्ये फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढू शकले. आपल्या वालडोर्फची एसएपीही १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनीच सुरू केली. सोडून जाणारे नसते तर हा सगळा उद्योग चार वाड्यांत कुलूपबंद राहिला असता.

मग सगळंच माफ? नाही. १९९३ चं लोपेझ प्रकरण इथे जुन्या काळापासून असलेल्या मंडळींना आठवत असेल. जनरल मोटर्सच्या जगभरच्या खरेदीचे प्रमुख होझे इग्नासियो लोपेझ त्या मार्चमध्ये अचानक फोक्सवॅगनला गेले. ते राहणार आहेत असं जाहीर करायला जनरल मोटर्सच्या अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावलं, तर उत्सवमूर्ती जागेवर नाही! पुढे विस्बाडेनच्या एका घरात त्यांच्या सहकाऱ्यांकडे जनरल मोटर्सच्या कागदांची खोकी सापडली. लोपेझ यांनी आरोप नाकारले. १९९६ च्या अखेरीस त्यांनी फोक्सवॅगन सोडली. जानेवारी १९९७ मध्ये फोक्सवॅगनने जनरल मोटर्सला दहा कोटी डॉलर देऊन आणि सात वर्षांत किमान शंभर कोटी डॉलरचे सुटे भाग घ्यायचं कबूल करून तंटा मिटवला. जर्मनीतला फौजदारी खटला १९९८ मध्ये, चार लाख मार्क धर्मादाय कामाला दिल्यावर, गुन्हा सिद्ध न होताच बंद झाला. (याच दोन कंपन्यांचे कारखाने पुढे चाकण आणि तळेगावला जवळजवळ शेजारी म्हणून उभे राहिले. त्यातला तळेगावचा आता ह्युंदाईकडे गेला आहे.)

इथलं कोर्ट ढोबळमानाने असं मानतं की अनुभवाने डोक्यात राहिलेलं वापरा, कागद किंवा फाइल नेऊ नका. व्यवहाराला हे ठीक आहे. नीतीला पुरतं का? तल्लख स्मरणशक्तीचा माणूस पाठ करून नेतो म्हणून सज्जन आणि विसराळू माणूस टिपण नेतो म्हणून चोर, हे काही मनाला पटत नाही. आपल्याला तर मुळीच पटू नये. आपल्याकडे वेद डोक्यात राहिले आणि गाणंही. घराण्यांच्या उस्तादांनी बंदिशी पोटच्या पोरांसाठी राखून ठेवल्या. त्यांची सगळी मालमत्ता स्मरणातच होती. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंडून हिंडून त्या गोळा केल्या आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. आज कोणाही मुलीला सहाव्या इयत्तेत यमनची बंदिश मिळते ती त्यामुळे. पण एखाद्या उस्तादाला आपलं घर लुटलं गेलं असं वाटलं असेल, तर त्यालाही मी वेडा म्हणणार नाही.

माझ्या मते रेघ कागद आणि डोकं यांच्यामध्ये नाही. मी स्वतः घडवलेलं कसब एकीकडे आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं दुसरीकडे, अशी ती जाते. वेल्डिंग कुठे तडकतं हे माझ्या हाताला कळलं, ते माझं. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तीन वर्षं खपून अकरा प्रकार फसवले, बारावा जमत आलाय, आणि कॉफी घेताना त्याने मला ते सांगितलं, तर ते माझ्या डोक्यात असलं तरी माझं नाही. आणि काय चालत नाही ही माहिती अनेकदा काय चालतं याहून महाग असते. नव्या कंपनीत नुसतं "या वाटेने जाऊ नका" म्हटलं तरी दुसऱ्या कोणाची तीन वर्षं देऊन टाकलेली असतात. हे कोणत्याच न्यायालयाला पकडता येणार नाही. कंपनी मोठी असते, ती सोसते. पण बढतीच्या वेळी त्या सहकाऱ्याचा शोध आता कोणाला नवा वाटत नाही.

"समोरचेही तेच करतात" हे उत्तर मला ठाऊक आहे. स्पर्धा म्हटली की हे येतंच. पण खरेदी खात्यातला आपला एखादा मुलगा नवीन ठिकाणी पहिल्याच आठवड्यात विचारला जातो, "त्यांना हा भाग कितीला पडतो?", तेव्हा विचारणारा त्याची पारख करत असतो. आज सांगणारा उद्या आपलंही सांगेल, हे विचारणाऱ्यालाही कळतं.

आता जरा घरच्या अंगणात येऊ. आपण बहुतेक जण सरकारी किंवा अनुदानित शिक्षणावर शिकलो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची किंवा आयआयटीची जी फी आपल्या वडिलांनी भरली, तेवढ्यात ते शिक्षण झालेलं नव्हतं. उरलेलं ज्यांनी भरलं त्यांतल्या अनेकांच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ऑगस्ट २००० मध्ये श्रोडर सरकारने संगणकतज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड सुरू केलं, तेव्हा इथल्या एका पुढाऱ्याने भारतीयांऐवजी मुलं हवीत अशा अर्थाची प्रचाराची हाळी दिली होती. ती आपल्याला लागली. पण तिकडे कोणी "आमचे इंजिनियर नेताय" म्हटलं, की तेही लागतं. आपण खोकी आणली नाहीत, हे खरं. फक्त डोकं आणलं.

आणि आता आपली मुलं. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या शाळेत शिकलेली, आखेन किंवा कार्ल्सरुहेला जवळजवळ फुकट इंजिनियर झालेली, आणि झुरिक किंवा कॅलिफोर्नियाचं पत्र आलं की बॅग भरणारी. शेजारची जर्मन आजी, जिच्या करातून हे झालं, ती "शाडं" म्हणते आणि चॉकलेटचा डबा देते. आपण मंडळात पेढे वाटतो. मुलाला विमानतळावर सोडताना आपल्या वडिलांनी सांताक्रूझला जे सांगितलं होतं, ते सांगावं की नाही, यावर मात्र नवरा-बायकोचं एकमत होत नाही.